मांडीवरच्या माणसाचा हिशेब



आपल्याकडे घरात गाडी घ्यायची ठरली की पहिला प्रश्न येतो, 'बजेट किती?' दुसरा येतो, 'अ‍ॅव्हरेज किती देते?' आणि तिसरा, 'कुठला रंग?' (या तिसऱ्यावर घरात जेवढी चर्चा होते तेवढी मुलीच्या स्थळावरही होत नसेल!) बसणारी माणसं किती, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो. त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: "आम्ही पाच जण, आणि एक मांडीवर."

आज मला या 'एक मांडीवर'बद्दलच लिहायचं आहे. गाडीच्या किमतीपासून डिकीपर्यंत सगळं मोजणारी हुशार, शिकलेली माणसं हा एक माणूस मोजायचा विसरतात. तो सगळ्यांत लहान असतो, त्याला बोलता येत नाही आणि त्याचं तिकीट कुठेच लागत नाही. एसटीत अर्धं तिकीटही पाच वर्षांनंतरच. मग गाडीत त्याला वेगळी जागा कशाला, असं आपल्या मनाने कधीच ठरवून टाकलेलं असतं.

हल्ली नात्यात आणि ओळखीत तीनचार घरांत गाडीची खरेदी चालू आहे. कुणाकडे दुसरं बाळ येऊ घातलंय, तर कुणाकडे गावाकडचे आईवडील कायमचे राहायला आलेत. एकूण काय, माणसं वाढलीत आणि जुनी गाडी तेवढीच राहिली आहे. 'काका, तुम्हाला काय वाटतं?' असं कुणी विचारलं की आम्हा मास्तर लोकांना राहवत नाही. तेव्हा न विचारणाऱ्यांनाही सांगून टाकतो.

ही 'मांडीवर'ची सवय आली कुठून, ते आधी पाहू. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची चावी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि मध्यमवर्गाला स्वतःच्या गाडीचं स्वप्न पडू लागलं. त्याआधी अँबेसेडर नाहीतर फियाट, आणि त्या नंबर लावून मिळायच्या. त्या छोट्याशा मारुतीत किती माणसं मावतात याच्या कथा प्रत्येक घरात आहेत. मागे चौघं, त्यांच्या मांडीवर तिघं, पुढच्या दोन सीटांच्या मध्ये एक बुटका भाचा, आणि कुणाच्या तरी पायाशी लाडवांचा डबा. या कथा आपण कौतुकाने सांगतो, आणि त्यात कौतुक आहेच. स्कूटरवर चौघांनी पावसात भिजत जाण्यापेक्षा डोक्यावर छप्पर आलं ही काय लहान गोष्ट झाली? १० जानेवारी २००८ रोजी रतन टाटांनी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये नॅनो दाखवली, तेव्हा त्यांनीही स्कूटरवरच्या अशाच कुटुंबाची गोष्ट सांगितली होती. म्हणजे आपल्याकडे गाडीची तुलना व्हायची ती स्कूटरशी. त्या मापाने मांडीवरचं मूल सुरक्षितच वाटणार.

पण आता माप बदललं आहे. त्या वेळची गाडी आणि तो रस्ता आज राहिलेला नाही. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं आणि नॅनोचं २०१८ साली. रस्ते रुंद झाले आणि वेग वाढला. समृद्धी महामार्गावर गाडीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. सगळं बदललं, पण मांडी तीच राहिली.

मी काही विज्ञानाचा मास्तर नव्हे, माझी हयात मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेली. पण पुढचं गणित नववीच्या पुस्तकातल्या सूत्राने सुटतं. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे. हा काही महामार्गाचा वेग नव्हे, शहरातल्या मोकळ्या रस्त्यावरचा आहे. ती कशावर तरी आदळून साधारण ६० सेंटीमीटरमध्ये थांबली असं धरा. तेवढ्या क्षणात मांडीवरच्या १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला लागणारा जोर म्हणजे जवळजवळ १६० किलो वजन उचलून धरण्याइतका. तांदळाची ५० किलोची तीन पोती, आणि वर दहा किलोची पिशवी. एवढं ओझं आईच्या, आजीच्या, अगदी पैलवानाच्या हातांनाही पेलत नाही. 'मी घट्ट धरलंय ना!' या वाक्यात माया खरी असते, पण त्या क्षणी ती कामाला येत नाही. त्यातून मांडीवाली व्यक्ती पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर बसली असेल तर विचारूच नका. मोठ्या माणसाला वाचवणारी तीच पिशवी समोरच्या लहान बाळाला जीवघेणी ठरू शकते.

मागच्या सीटवर बसलं की पट्ट्याची गरज नाही, हाही असाच एक जुना समज. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ अपघातात गेले. गाडी महागडी आणि परदेशी कंपनीची होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. ते दोघेही दगावले आणि पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या '१९४ ब' कलमानुसार १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना गाडीत बसवलं तर हजार रुपये दंड आहे. पण दंडाचं सोडा. हजार रुपये वाचवायला कुणी लेकराला पट्टा लावत नाही आणि लावूही नये.

तर माझं म्हणणं एवढंच, की वाढत्या घरासाठी गाडी घेताना सीटा मोजू नका, पट्टे मोजा. जितकी माणसं तितके पट्टे, आणि लहान मूल हे पूर्ण एक माणूस.

आता हा हिशेब कागदावर कसा मांडायचा? आमची जुनी खोड, हजेरीपट. एका कागदावर घरातल्या सगळ्यांची नावं लिहा, जन्मलेल्या आणि येऊ घातलेल्या सगळ्यांची. समोर खाने पाडा: शाळा-ऑफिस, दवाखाना, रविवारचं बाहेर जाणं, गावाकडची खेप. कोणत्या खेपेला कोण कोण असतं त्याच्या खुणा करा. दोन आठवडे प्रामाणिकपणे हा पट भरला तर शोरूममधल्या कुठल्याही गोड बोलण्यापेक्षा तुम्हाला जास्त कळेल.

उदाहरणादाखल एक घर घेऊ. आईबाबा, चार वर्षांची मुलगी, सहा महिन्यांचा मुलगा, आजी आणि आजोबा. म्हणजे सहा माणसं. पाच सीटांच्या गाडीत एक जण 'मांडीवर' किंवा एक जण घरी, यातलं एक ठरलेलंच. पण गंमत पुढेच आहे. मागच्या सीटवर दोन बालआसनं बसवली की मध्ये जी जागा उरते ती वीतभर. म्हणजे कागदावर पाच सीटांची असलेली गाडी अशा घरात चारच माणसांची होते. आईबाबा पुढे, पोरं मागे, आजीआजोबा फाटकाशी हात हलवायला!

मग साहजिकच सात सीटांची गाडी डोळ्यांपुढे येते. बारा-पंधरा वर्षांत अशा गाड्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. अर्टिगा २०१२ साली आली, ट्रायबर २०१९ साली, कॅरेन्स २०२२ साली. पण इथेही 'सात' हा आकडा नीट वाचायला हवा.

आपल्याकडच्या गाड्यांचं माप बऱ्याच अंशी करांनी ठरवलं आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के झालं, आणि कंपन्या फूटपट्टी घेऊन बसल्या. २०१२ साली डिझायरची शेपटी कापली गेली ती याचसाठी. आजही तेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून मोठ्यांना ४० टक्के. ट्रायबर चार मीटरच्या आत सात सीटा बसवते म्हणून ती १८ टक्क्यांत येते. अर्टिगा सुमारे ४.४ मीटर, म्हणून ती ४० टक्क्यांत. मधल्या त्या हातभर लांबीचा भाव आपण असा मोजतो.

ती हातभर लांबी जाते कुठे? तिसऱ्या रांगेत आणि डिकीत. सगळ्या सीटा उभ्या असताना ट्रायबरच्या मागे ८४ लिटर सामान मावतं आणि अर्टिगाच्या मागे २०९ लिटर. हे 'लिटर' प्रकरण कुणाला समजत नाही, म्हणून सोपं करून सांगतो. विमानात हातात नेतात ती लहान बॅग साधारण ४० लिटरची. म्हणजे एकीत अशा दोन बॅगा, दुसरीत पाच. सहा माणसं, त्यात एक तान्हं बाळ, म्हणजे दुपटी, गरम पाण्याचा थर्मास, आजोबांची औषधांची पिशवी, येताना गावचे तांदूळ... करा हिशेब! ट्रायबरमध्ये एक सोय मात्र आहे. तिच्या तिसऱ्या रांगेतल्या दोन्ही सीटा सुट्या काढता येतात. सहाच माणसं असतील तर एक काढून घरी ठेवायची, तेवढी जागा सामानाला. सीएनजी घेणार असाल तर टाकी कुठे बसते ते डोळ्यांनी बघा. काही गाड्यांत ती डिकीच खाऊन टाकते.

आणि आता तिसरी रांग. ही सीट कुणाची? मुलं बालआसनात म्हणजे ती मधल्या रांगेत. बाबा चालवणार, आई बाळाजवळ. म्हणजे मागे उरले आजी आणि आजोबा. तिथे जायचं तर मधली सीट पुढे दुमडायची. पण तिच्यावर बालआसन बसवलेलं असेल तर बहुतेक वेळा ती दुमडता येत नाही! मग गुडघे दुखणारी आजी जाणार कुठून? हा प्रश्न कुठल्याही जाहिरातीत नसतो. यावर उपाय दोन. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असलेली सहा सीटांची गाडी (एक्सएल-६ तशी आहे, कॅरेन्समध्येही तसा प्रकार मिळत आला आहे), म्हणजे मधल्या वाटेने मागे जाता येतं. नाहीतर एक बालआसन तिसऱ्या रांगेत. पण तिथे ते नीट बसतं का, हे आधी तपासायचं.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की शोरूममध्ये एकटे जाऊ नका. आजीला न्या, बालआसन न्या, पोरांना न्या. सेल्समन पाणी आणून देईल, कॅटलॉग देईल, तुमच्या मुलाला फुगाही देईल. ते सगळं घ्या, आणि मग आजीला सांगा, "मागे जाऊन बस, दहा मिनिटं." त्या चढताना कशाला धरतात ते बघा. डोकं छताला आणि काचेला किती जवळ येतं ते बघा. एसीचा वारा पोचतो का, पट्टा स्वतःचा स्वतः लावता येतो का, आणि मुख्य म्हणजे कुणी हात न देता उतरता येतं का. पंक्चर झालेल्या चाकाशेजारी भर महामार्गावर उतरायची वेळ आली तर तिथे सेल्समन नसतो.

आता पैशांचं. कारण 'परवडणारी' हा शब्द विसरून चालणार नाही. आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलं तर हप्ता साधारण १२,९०० रुपये बसतो, पाच वर्षांसाठी काढलं तर १६,६०० च्या आसपास. सात वर्षांचा हप्ता गोंडस दिसतो. पण व्याज सात वर्षांत सुमारे २ लाख ८१ हजार होतं आणि पाच वर्षांत १ लाख ९६ हजार. ८५ हजारांचा फरक! लहान हप्त्याच्या मोहात माणसं एक आकडा वरची गाडी घेतात, त्यात छताला काच, पडद्यावर नकाशा, नाना रंगांचे दिवे. आणि बालआसनाचा विषय निघाला की म्हणतात, "दहा-बारा हजार? एवढ्याशा बाळासाठी? दोन वर्षांत लहान होईल." ज्याची गरज आहे ते महाग आणि ज्याची नाही ते 'फीचर', हा न्याय मला काही उमगत नाही.

काही जण म्हणतील, "काका, सहाही जण एकत्र जातात कितीदा? वर्षातून चारदा! त्यासाठी मोठी गाडी वर्षभर पोसायची?" मुद्दा अगदी रास्त आहे, आणि म्हणूनच तो हजेरीपट. पट भरून जर दिसलं की रोज चौघंच असतात आणि सहा जण फक्त गणपतीला आणि मे महिन्यात, तर खुशाल पाच सीटांची चांगली, मजबूत गाडी घ्या. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही आपली स्वतःची अपघात-चाचणी सुरू झाली आहे. तिचे तारे बघा, आणि त्यात मोठ्यांचे तारे आणि मुलांचे तारे वेगळे असतात, ते दोन्ही बघा. गावाकडच्या खेपेला मोठी गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने करा. ८५ हजारांत अशा किती खेपा होतील! (तिथेही पट्टे मोजून घ्या. भाड्याच्या गाडीत ते सीटकव्हरखाली गाडलेले असतात.) पण पटात दर आठवड्याला सहा खुणा दिसत असतील, तर चार वर्षं वापरलेली, नीट राखलेली सात सीटांची गाडी ही नव्या लहान गाडीपेक्षा बरी. नवेपणाचा वास दोन महिन्यांत जातो, माणसं मात्र तेवढीच राहतात.

शेवटी एक गोष्ट, आमच्या वयाच्या मंडळींसाठी. गाडीत जागा कमी पडली की आपलं एक वाक्य ठरलेलं असतं, "तुम्ही व्हा पुढे, आम्ही एसटीने येतो." या वाक्यात दोन माणसं बोलत असतात. एकाला खरंच एसटी आवडते. पंचाहत्तरीनंतर २०२२ पासून तिकीटही लागत नाही, बाईमाणसाला २०२३ पासून अर्धं, खिडकीशी बसायचं आणि वाटेत कांदाभजी खायची. दुसऱ्याला मात्र वाटत असतं, की कुणीतरी 'नाही, तुम्ही बरोबरच चला' म्हणावं. ऐकणाऱ्याला हे दोन आवाज वेगळे ओळखता येत नाहीत. तेव्हा ज्येष्ठांनो, मनातलं सरळ बोला. मागे बसवत नसेल तर शोरूममध्येच सांगा, सात वर्षांचं कर्ज काढून झाल्यावर नको. आणि मुलांनो, विचारल्याशिवाय 'आईला चालतं' असं गृहीत धरू नका.

आणखी एक. गाडीत बाळ बालआसनात रडायला लागलं की पहिला हात आपलाच पुढे होतो. "काढ गं त्याला, कोमेजलंय पोर, दे माझ्या मांडीवर." सून बिचारी अवघडते. नाही म्हणावं तर सासूचा मान जातो, आणि हो म्हणावं तर जीव टांगणीला. हे ओझं तिच्यावर टाकू नये. रडू द्यावं दोन मिनिटं, गाडी बाजूला घेऊन थांबवावी, उतरून कडेवर घ्यावं, झाडाखाली चक्कर मारावी, आणि शांत झालं की पुन्हा पट्ट्यात. पोचायला अर्धा तास उशीर होईल, तर होईना का! आपल्याला तरी कुठे मस्टरवर सही करायची असते आता?

गाडी कुठली घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यातलं मला काय कळतं? पण निघताना चावी फिरवण्याआधी एकदा मागे वळून नावं पुकारा. प्रत्येकाच्या पट्ट्याचा 'कट्' आवाज आला की हजेरी लागली. बाळाचाही.